लोअर आर्मचे नवे बुश सहा महिन्यांत का जातात?

तुमची गाडी २०१० ची डिझेल स्विफ्ट, दीड लाखाच्या वर चाललेली. महिन्यातून चार-पाच वेळा गुहागरहून चिपळूण आणि पुढे कुंभार्ली घाटाने कराड. तक्रारी तीन. खड्ड्यात पुढच्या डाव्या बाजूने 'धड' असा आवाज येतो, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढतं, आणि पुढचे टायर आतल्या कडेने खाल्ले जातायत. गेल्या वर्षी लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोखंडी हाताचे, बुश बदलले, पण सहा-सात महिन्यांत आवाज परत आला. आता एक मिस्त्री म्हणतो दोन्ही आर्म पूर्ण बदला, दुसरा म्हणतो नुसते बुश ठोकून देतो, आणि भाचा म्हणतो पॉलियुरेथेनचे बुश मागवू. ऐकायचं कोणाचं, आणि यातलं घरी किती जमेल?

चिपळुणात सत्तावीस वर्षं गाड्यांच्या खाली काढल्यावर माझं मत असं: तुमच्या गाडीला दोन्ही आर्म पूर्ण टाका, रबराचे बुश असलेलेच. पण गेल्या वर्षीचे बुश इतक्या लवकर का गेले हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका, नाहीतर नवे आर्मही तेवढेच टिकतील. 'डुप्लिकेट माल असेल' असं सगळे म्हणतात, आणि कधीकधी तो असतोही. पण माझ्याकडे अशा परत आलेल्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा माल बरा होता. शेवटचा बोल्ट कसताना गाडी हवेत लटकलेली होती, खोट तिथे होती.

हे पटायला बुश म्हणजे काय ते हातात घेऊन बघावं लागतं. बाहेर पातळ लोखंडी नळी, आत जाड लोखंडी नळी आणि मध्ये रबर. ते रबर कारखान्यातच उष्णता देऊन दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. जुने मिस्त्री याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसते. आतली नळी सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिनखालच्या लोखंडी चौकटीच्या, दोन कानांमध्ये येते आणि बोल्ट कसला की त्या कानांत चिमट्यासारखी धरली जाते. म्हणजे चाक वर-खाली होतं तेव्हा बोल्टवर काहीच फिरत नाही, फिरता कामाही नये. आर्म हलतो तो रबराला पीळ देऊन, आणि रबर तो पीळ सोडून पुन्हा जागेवर येतं. बेअरिंगसारखी ही फिरणारी वस्तू नव्हे, ही पीळ सोसणारी स्प्रिंग आहे.

म्हणूनच बुशला ग्रीस किंवा ऑइल मारायचं नसतं. फियाट आणि अ‍ॅम्बेसिडर चालवलेले काका अजून गॅरेजमध्ये येतात आणि 'खाली जरा ग्रीस मारून दे रे' म्हणतात. त्या गाड्यांना ग्रीस निपल होती, तेव्हा ते बरोबरच होतं. रबरी बुशवर मात्र ऑइल, डिझेल, जळकं ऑइल यातलं काहीही मारलं तर आवाज चार दिवस बंद होतो, रबर फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटतं. तुमच्या गाडीच्या डाव्या बाजूला अ‍ॅक्सलचं रबरी बूट फाटलं असेल तर त्यातलं ग्रीस फिरत्या चाकाबरोबर उडून थेट बुशवर बसतं. इंजिन किंवा गिअरबॉक्समधून ऑइल पाझरत असेल तरी तेच. नवे आर्म घालण्याआधी वरची गळती बंद करा. हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

आता आवाज कोणाचा ते बघू. पुढच्या भागात आवाज करणारी मंडळी बरीच आहेत आणि एकमेकांच्या नावावर बिलं फाडतात. बारीक खडबडीत रस्त्यावर, हळू जाताना सतत 'टकटक टकटक' येत असेल तर आधी स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणात गाडी कलू न देणाऱ्या आडव्या बारची, लिंक रॉड बघा. ती स्वस्त आहे, पहिली जाते, आणि तिच्यापायी लोकांनी अख्खे शॉकअप बदलल्याचं मी पाहिलंय. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टंग' करून सुटल्यासारखी वाटत असेल तर वरचं स्ट्रट माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. पूर्ण कट मारून वळताना 'कटकट' आली तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. लोअर आर्मच्या बुशचा आवाज जड असतो, एकदाच येतो आणि बहुधा पायाखालून आल्यासारखा वाटतो. तुम्ही 'धड' लिहिलंय, म्हणून संशय बरोबर दिशेला आहे.

खात्रीसाठी एक सोपी चाचणी आहे. मोकळ्या, सपाट जागी गाडी अगदी हळू मागे घ्या आणि ब्रेक दाबा. मग हळू पुढे घ्या आणि ब्रेक दाबा. 'धड' येईल. पुन्हा थोडं पुढे घेऊन परत ब्रेक दाबा. या वेळी आवाज आला नाही, आणि मागे घेऊन परत पुढे आल्यावर पुन्हा आला, तर काहीतरी मागे-पुढे सरकतंय आणि एका बाजूला जाऊन टेकतंय. ब्रेकपॅड सैल असले तरी असंच होतं, पण त्यांचा आवाज 'टक' असा हलका असतो. दुसऱ्या कोणाला बाजूला उभं राहून डावं चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट बघायला सांगा. बाजूला म्हणजे बाजूलाच, गाडीच्या पुढे किंवा मागे नाही. ब्रेक लागताना चाक त्या फटीत मागे सरकताना डोळ्यांना दिसलं, तर लोअर आर्मच्या बुशने जागा सोडलीय. बॉनेट उघडून इंजिनकडेही नजर टाका. ते मोठा झोका घेत असेल तर इंजिन माउंटिंगही त्याच सुरात 'धड' करतं.

तुमची दुसरी आणि तिसरी तक्रार इथेच जोडली जाते. लोअर आर्मला आतल्या बाजूने दोन बुश असतात. ढोबळमानाने पुढचा बुश चाकाला आडवं धरून ठेवतो. मागचा मोठा बुश खड्ड्याचा आणि ब्रेकचा मागे-पुढे येणारा धक्का पोटात घेतो, म्हणून तो मुद्दाम मऊ असतो आणि बहुतेक वेळा आधी तोच जातो. तो फाटला की ब्रेक मारताना डावं चाक थोडं मागे जातं. स्टिअरिंगचा रॉड मात्र आपल्या जागीच असतो, त्यामुळे चाकाची दिशा बदलते. म्हणून गाडी ओढते, आणि म्हणूनच टायर एका कडेने घासतो. अशा गाडीची अलाइनमेंट करून उपयोग नसतो. मशीनवर गाडी शांत उभी असते, आकडे हिरवे दिसतात, आणि घाटात पहिल्या ब्रेकला ते सगळे आकडे बदलतात. तुम्ही टायर खातोय म्हणून दोनदा अलाइनमेंट करून घेतली असेल, तर ते पैसे गेले असं धरा.

तरी ब्रेक ओढण्याचा सगळा दोष बुशवर टाकण्याआधी पुढचे दोन्ही कॅलिपर (ब्रेकपॅड दाबणारे भाग) तपासून घ्या. आमच्याकडच्या पावसात कॅलिपरच्या पिना जाम होणं नेहमीचं आहे, आणि एका बाजूची पिन अडकली की गाडी दुसऱ्या बाजूला ओढते.

खाली वाकून बघताना आणखी एक चूक होते. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवला, बुश हलला, की 'गेला' असा निकाल दिला जातो. अहो, तो हलायलाच केलाय. मागच्या बुशमध्ये तर रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, नव्या बुशमध्येही. बघायचं ते असं: आतली नळी बाहेरच्या नळीच्या मध्यावर आहे की एका बाजूला झुकलीय? टॉमीने ताण दिल्यावर भेग उघडते का? रबर लोखंडापासून सुटून मागे चकचकीत कडा दिसते का? वरवरच्या बारीक रेषा म्हणजे वय. आरपार उघडणारी भेग म्हणजे काम. त्याच वेळी चाक अधांतरी असताना टायरखाली टॉमी घालून वर उचला आणि बॉल जॉइंटवर, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या सांध्यावर, हात ठेवा. तिथे खट्ट लागलं तर बॉल जॉइंटही संपलाय, आणि हे मात्र गंभीर घ्यायचं. बुश गेला तर गाडी वाईट चालते. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं.

आता आर्म पूर्ण की नुसते बुश? बेरीज करा: चार बुश, प्रेसची मजुरी, आर्म काढण्या-घालण्याची मजुरी, आणि वर्षभरात बॉल जॉइंटसाठी तेच काम पुन्हा. या बेरजेपुढे बॉल जॉइंट आणि बुशसकट येणाऱ्या नव्या आर्मची किंमत फारशी जड वाटत नाही. पन्नास-साठ हजार चाललेली गाडी, बॉल जॉइंट टणक, आर्म सरळ, गंज नाही, अशा वेळी नुसते बुश बदलणं शहाणपणाचं. तुमची गाडी दीड लाखाची, डिझेल इंजिनाचं वजन पुढे, आणि गुहागरची खारी हवा. आर्म पत्रा दाबून केलेला असतो, तो जोडापाशी आतून गंजतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. बुशच्या भोकाभोवतीचा पत्रा गंजून पातळ झाला की नवा बुश त्यात घट्ट बसत नाही. गेल्या वर्षी बुश एकदा ठोकून बसवलेत, म्हणजे ते भोक एकदा ताणलंही गेलंय. पुन्हा त्यातच तिसरा बुश घालायला मी तयार होणार नाही.

माल घेताना कंपनीच्या काउंटरवरून घ्या किंवा ज्या दुकानदाराला परत तोंड दाखवायचंय त्याच्याकडून. नव्या आर्मचा बुश अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. रबर टायरसारखं कडक लागलं किंवा नळीच्या कडेला चिकटवण सुटलेली दिसली तर तिथेच परत करा. दोन्ही बाजू एकदमच बदला. उजवीकडचं रबरही तितक्याच वयाचं आहे, आणि एका बाजूला नवं, दुसऱ्या बाजूला थकलेलं रबर असलं की ब्रेकमध्ये गाडी सरळ राहायला कुरकुरते.

भाच्याच्या पॉलियुरेथेनबद्दल. तो वेडा नाही, शर्यतीच्या गाड्यांत ते वापरतात आणि त्यांना ते शोभतं. तिथे रबर पिळत नाही. आतली नळी पॉलीच्या आत खरोखर फिरते, म्हणून तिला खास ग्रीस लागतं. पॉली कडक असल्याने स्टिअरिंग तिखट होतं हे खरं. पण आपल्या लाल मातीत आणि चार महिन्यांच्या पावसात ते ग्रीस धुऊन जातं, बारीक रेती आत शिरते आणि गाडी बैलगाडीसारखी कुंईकुंई करू लागते. शिवाय मागच्या बुशने पोटात घ्यायचा धक्का पॉली घेत नाही, तो सबफ्रेमला आणि बॉडीच्या जोडांना देतो. मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू असताना ज्यांनी त्यावरून रोज ये-जा केलीय त्यांना हा धक्का काय असतो ते सांगायला नको. रोजच्या गाडीला रबरच.

काढण्याच्या कामातल्या दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे घाई झाली तर नवं काहीतरी मोडतं. पहिली म्हणजे बॉल जॉइंट. मारुतीच्या छोट्या गाड्यांत त्याचा दांडा नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, खालून शिरतो आणि एक आडवा बोल्ट नकलची फट आवळून त्याला धरतो. तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून गेलेला असतो. म्हणजे नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. लोक अर्धा सैल करतात आणि मग घण घेऊन आर्मला बडवत बसतात. तो येणारच नाही. बोल्ट काढा, फटीत छिन्नी अगदी अलगद घाला, हातोडीचा हलका टोला, आणि आर्म टॉमीने खाली दाबा. फट जास्त उघडली तर नकलला तडा जातो, आणि मग हजाराचं काम कुठल्या कुठे जातं.

दुसरी जागा स्टॅबिलायझर. एकच चाक उचलून काम केलं की तो बार पिळलेला राहतो आणि आर्म किंवा लिंक रॉड सोडताना झटका देतो. दोन्ही पुढची चाकं सारखी उचला, गाडी दोन भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना लाकडी ओंडके लावा. मग सगळं सैल हाताला येतं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. गाडीत जो जॅक येतो तो पंक्चर काढण्यापुरता आहे.

तिसरी जागा, आमच्या भागात सगळ्यात छळणारी: बोल्ट आणि बुशची आतली नळी गंजून एकजीव होणं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर पुढची दोन वर्षं आमच्याकडे आलेल्या गाड्यांत हे जणू ठरलेलं होतं. वरून धुऊन-पुसून गाडी स्वच्छ, सीटकव्हर नवं, आणि खाली बोल्ट नळीत सिमेंटसारखा बसलेला. नट सुटतो, पाना फिरतो, आपल्याला वाटतं बोल्ट सुटतोय, पण प्रत्यक्षात नळीसकट बोल्ट फिरत असतो आणि आतलं रबर फाटत असतं. तुमची गाडी त्या पाण्यात होती का हे तुम्ही लिहिलं नाहीये. नसली तरी समुद्रकाठची गाडी आहे, तयारी ठेवा. आदल्या दिवशी आणि त्याच्याही आदल्या दिवशी सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारा. जुना बुश टाकायचाच असल्यामुळे त्याला तेल लागलं तरी बिघडत नाही. बोल्ट एकाच दिशेने रेटू नका, पाव फेरा सोडा, थोडा उलटा घ्या, परत सोडा. नाहीच आला तर नळी आणि कान यांच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट कापायचा आणि नवा टाकायचा. गॅसने तापवणं हा शेवटचा उपाय, आणि तोही रबर जवळ असताना करू नका. जळत्या रबराचा धूर छातीला वाईट असतो.

नुसते बुशच बदलायचे असतील तर प्रेसवर एवढं पाळा. दाब बाहेरच्या नळीच्या कडेवर यायला हवा, म्हणून त्या मापाचा पाईपचा तुकडा घ्या. दाब रबरावर किंवा आतल्या नळीवर आला तर बुश बसण्याआधीच मेला. आर्मच्या दोन पत्र्यांच्या मध्ये आधार द्या, नाहीतर ते चेपतात. मागच्या बुशमधल्या पोकळ्या कोणत्या दिशेला आहेत यावर त्याचं सगळं काम ठरतं. जुना काढण्याआधी आर्मवर खडूने नव्हे, छिन्नीने बारीक खूण करा, कारण खडू हातालाच लागतो. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेला बुश केसभर आकसतो आणि जरा सोपा बसतो. घरचे विचारतात काय ठेवलंय, ते वेगळं. लागलंच तर कडेला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नाही. आणि 'प्रेस कशाला, घणाने बसवतो' म्हणणाऱ्याकडे आर्म देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. धंद्याच्या सुरुवातीला मी स्वतः हे चुकीचंच करत होतो. एका शिक्षकांच्या गाडीचे बुश मी बदलले, चांगला माल घातला, बोल्ट दणकून कसले, अभिमानाने गाडी दिली. गणपतीला दिलेली गाडी शिमग्याला परत, बुश फाटलेले. मी दुकानदाराशी भांडलो, त्याने बिचाऱ्याने बुश बदलून दिले, मी पुन्हा तसेच घातले आणि ते पुन्हा गेले. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझं काम बघत बघत विचारलं, 'चाक लटकलेलं असताना बोल्ट कसतोस होय रे?' त्यांनी कारण सांगितलं नाही. कारण मला नंतर कागदावर काढल्यावर कळलं.

तुम्हीही काढून बघा. समजा आतल्या बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंत आर्म ३५ सेंटिमीटर लांब आहे, आणि गाडी उचलल्यावर चाक लटकून ९ सेंटिमीटर खाली उतरतं. आर्मचा कोन बदलला सुमारे १५ अंश. आता या लटकत्या अवस्थेत बोल्ट कसला तर आतली नळी इथेच धरली गेली. रबराला वाटतं, हीच आपली आरामाची जागा. मग गाडी खाली उतरवली, चाकांवर वजन आलं, आर्म १५ अंश वर गेला, आणि रबर तेवढं पिळलं. अजून गाडी जागची हललेली नाही! ती अंगणात रात्रभर उभी असते तेव्हाही रबर पिळलेलंच असतं. त्यात खड्डा आला की आणखी १० अंश वर. जे रबर दोन्ही बाजूंना थोडं थोडं पिळावं म्हणून बनवलंय ते आता कायम एकाच बाजूला ताणलेलं आहे. ते सहा महिन्यांत सुटलं तर त्याचा काय दोष?

म्हणून आर्म बसवताना आतले बोल्ट फक्त हाताने टेकेपर्यंत घाला. बाकी सगळं जोडा: बॉल जॉइंट, लिंक रॉड, चाक. बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट लगेच पूर्ण कसायला हरकत नाही, तिथे रबराला पीळ बसायचा प्रश्न नाही. मग गाडी चाकांवर उभी करा, पुढून दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे ती आपल्या उंचीवर बसते, आणि त्यानंतरच आतले बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला कसा. पिट किंवा चार खांबांचा रॅम्प असेल तर हे पाच मिनिटांचं काम. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी बॉडीला धरून उचलतात, चाकं लटकतात, आणि नेमकं तिथेच हे राहून जातं, कारण वर उचललेल्या गाडीत हात सहज पोचतो. लिफ्टच असेल तर चाकाच्या बाजूने आर्मच्या टोकाखाली उंच जॅक लावून चाक गाडीच्या उभ्या उंचीइतकं वर घ्यायचं आणि मग कसायचं. काही गाड्यांत मागच्या बुशचा बोल्ट उभा असतो. तिथे पीळ वेगळ्या तऱ्हेने बसतो आणि या चुकीची शिक्षा कमी मिळते, पण पुढचा बुश आडव्या बोल्टचा असतोच. सवय एकच ठेवावी. आणि जे नट आतल्या प्लास्टिकच्या कड्याने घट्ट धरतात ते एकदा काढले की नवेच टाकायचे.

काम झाल्यावर अलाइनमेंट करायचीच, आणि ती आत्ताच, बुश नवे असताना. तुमच्या गाडीला पुढे टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवता येतो, कॅम्बर (समोरून बघता चाक आत-बाहेर किती कललंय ते) जुळवायची सोय कंपनीने दिलेली नाही. कोणी शॉकअपच्या बोल्टाची भोकं घासून कॅम्बर आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. कॅम्बर फारच चुकलेला निघाला तर काहीतरी वाकलंय, ते शोधायला हवं. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा एकदा पान्याने बघून घ्या.

मागच्या बाजूला तुमच्या गाडीत एकच आडवा बीम आहे आणि त्याला पुढच्या टोकांना दोन मोठे बुश. तुमच्या तक्रारींत त्यांचं लक्षण दिसत नाही, त्यामुळे त्यांना आत्ता हात लावू नका. घाटाच्या वळणात मागचा भाग उशिरा वळल्यासारखा वाटू लागला तर त्यांचा विचार करू. ते काम करताना बीम खाली उतरवावा लागतो, ब्रेकचे पाईप आणि हँडब्रेकच्या केबल सांभाळाव्या लागतात. मोठं काम आहे.

चालवण्यातली एक सवय बदलता आली तर बघा. खड्डा दिसला की आपण ब्रेक दाबतो आणि दाबलेल्या ब्रेकनेच खड्ड्यात उतरतो. तेव्हा मागच्या बुशवर ब्रेकचा आणि खड्ड्याचा असा दोन्ही धक्का एकत्र येतो, शिवाय गाडीचं नाक खाली झुकल्याने शॉकअपला दबायला जागा उरत नाही. ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि उतरताना पाय सोडा.

घरी किती करायचं, तर आवाजाची चाचणी, टॉर्च घेऊन बघणं आणि गंज सोडवणारं तेल एवढं तुम्ही करा. आर्म काढणं-बसवणं हात बसलेला असेल आणि भक्कम स्टँड असतील तर जमतं, पण पहिल्यांदाच करणार असाल तर गॅरेजमध्येच करा आणि जवळ उभे राहा. निघायच्या आदल्या दिवशी मात्र एक काम तुमचंच. गाडी अंगणात सपाट जागी, सामान न भरता उभी करा. दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आतले बोल्ट कसायची वेळ आली की मिस्त्रीला म्हणा, आधी चाक या मापावर आणा. तो हसला तर हसू दे, पण माप बघून होईपर्यंत पाना त्याच्या हातात देऊ नका.